दहा काड्या केसर

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू होऊन सहा आठवडे झाले, तरी बायको गप्पच होती. केसराबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लहान अभ्यासांत थोडा उपयोग दिसलाय, पण गोळी बंद करायची नाही." मी अकोल्याच्या बाजारातून एक ग्रॅम आणलं आणि दहा काड्या मोजून तिच्या दुधात टाकल्या.

ती भातकुलीकडच्या शेतकऱ्याची लेक. पेल्यात पाहून म्हणाली, "अवो, हे तं करडीचं फूल हाये! माह्या बापाच्या वावरात पोत्यानं निंघते. तुमाले कोनं बनवलं?" आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

हा गुण केसराचा नक्कीच नव्हता. गोळीचा असेल, माझ्या फजितीचा असेल. एका हसण्यावरून ते ठरत नाही. संध्याकाळची गोळी मी तिच्या हातावर ठेवली.