चारही रस्ते, नव्वद सेकंद

मांजर आडवं गेलं तर मांजरालाच 'सॉरी' म्हणून पुढे जाणारा माणूस मी. शकुन, दृष्ट, बाहेरचं — काही म्हणजे काही मानत नाही. आजही नाही... फक्त गेल्या वर्षी ऑफिसात जे झालं, ते तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर सांगा. मी विचार करून दमलोय.

आम्ही अकरा वर्षं कोलकात्यात. न्यू टाउनमधल्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. एका हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट आमच्याकडे असतात. सर्व्हर एकीकडे, डिस्कचं कपाट दुसरीकडे आणि मधे चार वेगवेगळे रस्ते — एखादा तुटला तरी काम चालू राहावं म्हणून. यालाच मल्टिपाथ म्हणतात. त्या आठवड्यात चारातला एक रस्ता सारखा पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. केबल बदलली, कार्ड बदललं, सपोर्टवाल्याशी फोनवर भांडलो. तीन दिवस धड झोप नाही. त्यात याच बिघाडापायी बॅकअप अर्धवट राहत होता. म्हणजे आठवडाभराचे रिपोर्ट फक्त कपाटातल्या एका जुन्या डिस्कवर!

शेवटी हॉस्पिटलने दुपारी दोन तास सिस्टिम बंद ठेवायला दिली. नेमकी विश्वकर्मा पूजेची दुपार. इथे त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, त्यांना सुट्टी असते आणि आभाळभर पतंग असतात. माझे सीनियर मंडलदा, रोज बराकपूरहून येणारे, त्यांनी सकाळीच रॅकच्या दाराला शेंदूर लावून झेंडू अडकवला होता.

"सबनीसबाबू, आज मशीन को मत छूना."

"मंडलदा, तीन दिन से मशीन मुझे छोड़ नहीं रही, उसका क्या?"

ते मान हलवून खाली पूजेची खिचुडी खायला गेले. तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, आज तरी राहू द्या ना. आपल्या खंडेनवमीसारखंच असतं ते."

"काम आहे गं."

"हो का? मी खिळा ठोकायला सांगितला की बरोब्बर आठवते तुम्हाला खंडेनवमी."

फोन ठेवला. बेत साधा होता. सर्व्हर रीस्टार्ट करायचा, नवी रिकामी डिस्क फॉरमॅट करायची, म्हणजे पुसून तयार करायची, तिच्यावर सगळ्याची नक्कल घ्यायची. रीस्टार्टच्या आधी मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं — 'ए' जुनी, 'बी' नवी. ही नावं मशीनच देतं, रीस्टार्टनंतर त्यांची अदलाबदल होऊ शकते, परत तपासायचं असतं... हे मी नव्या पोरांना दरवर्षी स्वतः शिकवतो.

'बी' फॉरमॅट करायला सांगितली. मशीन म्हणालं, इथे आधीच काहीतरी आहे. मला वाटलं, टेस्टिंगचा कचरा असेल. सक्तीचा पर्याय जोडला आणि एंटर मारलं.

स्क्रीनवर उत्तर आलं — डिस्क सापडत नाही!

बघतो तर चारही रस्ते बंद. दोन वेगळी कार्डं, दोन वेगळे स्विच, आणि सगळं एका सेकंदात आडवं. इथे लिहिता येणार नाही असं मराठी मी बोललो. नव्वद सेकंदांनी चारही आपोआप परत आले. तेव्हा कुठे यादी नीट वाचली, साइझ बघितली. 'बी' म्हणजे नवी नव्हतीच. 'बी' म्हणजे अख्खं हॉस्पिटल.

आतले रिपोर्ट उघडून बघितले, सगळे जागच्या जागी. मग योग्य डिस्क घेतली, प्रत्येक अक्षर तीनदा वाचलं आणि कॉपी लावून तडक खाली गेलो. मंडलदा द्रोण हातात घेऊन बसलेले.

"दादा, ऊपर कोई केबल निकाली क्या आपने?"

"मैं? दरवाज़े का कार्ड तो आपके गले में है." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बैठिए, थोड़ा चाटनी लीजिए. मुँह सूख गया है आपका."

नंतर सगळे लॉग — यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी — उपसले. दोन्ही स्विच म्हणतात, आमच्याकडे काही पडलं नाही. डिस्कचं कपाटही तेच म्हणतं. फक्त सर्व्हर म्हणतो, नव्वद सेकंद चारही बंद होते. सपोर्टवाला म्हणाला, "फर्मवेअर असेल." म्हणजे त्यालाही माहीत नाही. आणि तो सारखा पडणारा रस्ता? त्या दुपारनंतर आजतागायत एकदाही पडलेला नाही.

घरी सांगितलं. बायको मेथी निवडत ऐकत होती.

"तीन दिवस झोपला नव्हता तुम्ही. कुणीतरी हातातून काढून घ्यायलाच हवं होतं."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"मला काय विचारता? तुमचं खातं ना ते!"

खातं माझंच. ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे — 'ए' जुनी, 'बी' नवी. माझ्याच अक्षरात, खाली ठसठशीत दोन रेघा मारलेली.