छातीइतक्या पाण्यातलं घर

आत्याच्या गावात घर ओळखायचं ते पाण्याच्या खोलीवरून. आणि गावात प्यायला पाणी नव्हतं.

पिंपळगाव रेणुकाईला एसटीतून उतरून मी चालत तिकडे निघालो की वाटेत कोणी तरी विचारायचं, "कुन्या घरचं पाव्हणं?" मी आत्याच्या यजमानांचं नाव सांगायचो. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. विचारणारा मान डोलवायचा, "मंजे छातीच्या घरचं." वरच्या अंगाला घोट्याची घरं, त्याखाली गुडघ्याची, मग कमरेची, मग छातीची. नदीकडची मारुतीची गल्ली सगळी डोक्यावरची.

मी शाळेत असताना जीपमधून काही माणसं आली होती. त्यांनी तिवईवर दुर्बीण लावली, गावभर फिरली आणि घराघराच्या दर्शनी भिंतीवर लाल तेलरंगाची आडवी रेघ मारून गेली. खाली धरण होणार, पाणी इथवर चढणार. जाताना बजावून गेली, नवं काही बांधायचं नाही, पडलेलं उभं करायचं नाही. बांधलंत तर मोबदल्यात धरणार नाही आणि वरून पाडून टाकू. ती माणसं परत आली नाहीत. माझी शाळा संपली, कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं, शेतकऱ्यांच्या चळवळीत पत्रकं लिहायला लागलो. तोवर धरणाचा एक दगडसुद्धा बसला नव्हता.

रेघ मात्र होती. हातपंप मागायला गेलं की साहेब म्हणायचे, बुडणाऱ्या गावाला हातपंप कशाला? शाळेचे पत्रे उडाले तेव्हाही हेच. पाण्याखाली जायच्या नावावर गाव तहानेनं मरत होतं आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन शेजारच्या शिवारातल्या विहिरीवर जात होत्या. मी त्यावर पत्रक काढलं होतं: 'चोर धरा, भांडणं सोडवा आणि आमच्या दारातून बाजूला व्हा.' यातला एक शब्द मागे घ्यायची माझी आजही तयारी नाही. ज्याला एक हातपंप बसवता येत नाही, त्यानं माझ्या आत्याला भिंत लिंपायची बंदी करावी? कोणी दिला हा अधिकार? मत देताना आपण चावडी देतो, चूल देत नाही.

हे सगळं मी व्यासपीठावर बिनदिक्कत बोलायचो. त्या गावात गेल्यावर मात्र हळू बोलायला लागायचो.

कमरेच्या गल्लीतून छातीच्या गल्लीत उतरताना एक लिंब आहे. तिथं उतार लागतो. हंडा घेऊन येणारी प्रत्येक बाई त्या लिंबापाशी आली की मोकळ्या हातानं लुगडं वीतभर वर उचलायची. खाली फुफाटा, रणरणतं ऊन, पाण्याचा टिपूस नाही. उचलायची, चालत राहायची, बोलणं चालू असलं तर बोलत राहायची. आपण काय केलं हे तिच्या गावीही नसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काटे असतील. काटे नव्हते.

आत्याही तसंच करायची. मी एकदा विचारलं, "आत्या, लुगडं का वर धरलंस?" तिनं हाताकडं पाहिलं आणि झटकन सोडून दिलं. "कुठं धरलं? कायी बी इचारतूस."

रेघ बाहेरच्या भिंतीवर होती, ती सरकारनं काढलेली. घरात शिरलं की आतही एक रेघ दिसायची, गेरूची. ती मामांनी काढली होती, बाहेरच्या रेघेला बरोबर जुळवून. देवाची फळी तिच्या वर, धान्याच्या कोठ्या फळ्या ठोकून तिच्या वर, कपड्यांची वळणी वर, घड्याळ वर. रेघेच्या खाली भिंत उघडी बोडकी, खिळासुद्धा नाही. जेवायला बसलो की माझं डोकं रेघेच्या खाली जायचं, आणि शप्पथ सांगतो, तिथं बसल्यावर बाहेरचा आवाज दबून यायचा. भिंती जाड होत्या, दुसरं काय कारण असणार. सगळे तिथं हळू बोलायचे. मीही.

"आतली रेघ कोणी काढायला सांगितली, मामा?"

"कुनी न्हाई. मापात ऱ्हावं मानसानं."

असे मामा. भला माणूस, पण सरकारचं नाव निघालं की बसल्या जागी सावरून बसायचे.

त्या वर्षी आतेभावाचं लग्न जुळत आलं होतं. जवळपासच्या गावांतून मुलगी मिळणं शक्यच नव्हतं, बुडितात पोरगी देतो कोण? म्हणून पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अंतरवाली सराटीकडची सोयरीक निघाली. मुलीचा बाप एकटाच घर पाहायला आला. चहा घेतला, उठला आणि दर्शनी भिंतीपाशी उभा राहिला. भिंतीनं पोट काढलं होतं, दोन वासे टेकवून मामांनी ती कशीबशी धरून ठेवली होती. लिंपायलाही बंदी ना.

"ही रेघ कशाची?"

मामांनी सांगितलं. लपवणं त्यांना जमायचं नाही.

पाहुणा रेघेला लागून उभा राहिला. मग आपल्या छातीवर हात ठेवून त्यानं उंची ताडून पाहिली. "पोरगं चांगलं हाय, मानसं चांगली हायेत," तो म्हणाला. "पर मला बुडनाऱ्या घरात लेक देयाची न्हाई. रेघ नसलेली येक खोली दाखवा. मंग बोलू." अक्षयतृतीयेपर्यंत वाट पाहतो म्हणाला आणि गेला.

आत्यानं मला निरोप धाडला. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊनच पोचलो. लिंबापाशी उतार लागला तशा पारावरच्या बाया फिसकन हसल्या. एकजण म्हणाली, "अवो पत्रकवाले, भिजत्याल का काय कागदं?" तेव्हा कळलं, काखेतला गठ्ठा मी डोक्यावर घेतला होता.

संध्याकाळी मारुतीसमोर सभा घेतली. मारुतीसमोर म्हणजे रिकाम्या देवळासमोर. रेघ आल्यावर लोकांनी मारुती काढून वरच्या टेकडीवर पत्र्याखाली नेऊन ठेवला होता, तरी सगळे पाया पडायचे ते रिकाम्या गाभाऱ्याच्याच. मी तासभर बोललो. सरकार आपलं नोकर आहे, मालक नाही. नोकरानं वाड्याच्या फाटकावर राखण करावी, स्वयंपाकघरात येऊन ताट मोजू नये. टाळ्या पडल्या नाहीत. एक म्हातारा उठला. मला वाटलं, प्रश्न विचारणार. तो कोरड्या नदीकडे पाहून म्हणाला, "आज पानी शांत हाय." चार माणसं हसली, बाकीच्यांनी त्या दिशेला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो.

"धरण होणार का?"

टेबलामागचा माणूस पान चघळत होता. "सांगता येत न्हाई."

"मग रद्द झालं का?"

"तसं बी न्हाई."

"काम सुरू आहे?"

"कशाचं?"

"धरणाचं!"

"कुठाय धरण?" तो खरोखर आश्चर्यानं म्हणाला. मग समजूत घातल्यासारखा पुढे वाकला. "हे बगा, व्हनार हे सांगाया पैसा पायजे. व्हनार न्हाई हे सांगाया सही पायजे. दोनी न्हाईत. तुमी कशाला परेशान होता? चालू द्या."

काय चालू द्या? मी तिथं टेबलावर मूठ आपटली, भांडलो, शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. रस्त्यावर आलो आणि पहिल्यांदा नीट भीती वाटली. मी जन्मभर ज्याच्याशी भांडायचं ठरवलं होतं, तो मला दुष्ट, लबाड, खाबू असा कोणी तरी वाटत होता. इथं कोणी नव्हतंच. खुर्ची होती, पान होतं. गावाला पाण्याखाली दाबून धरणाऱ्या हाताचा माग काढत वर गेलं तर खांदाच लागेना.

गावात परतून सांगितलं, "धरण नाही. कोणी येणार नाही. बांधा."

कोणी हललं नाही. मामा म्हणाले, "मंग रेघ पुसून का न्हाई गेले ते? ज्यानं काढली त्यानंच पुसाया पायजे."

माझं डोकं सटकलं. मी चुना भिजवला आणि भर दुपारी आत्याच्या दर्शनी भिंतीवर कुंचा मारायला लागलो. सगळी गल्ली आपापल्या दारात उभी राहून गुपचूप पाहत होती. दोन हात दिले. रेघ गेली. भिंत एकदम कोणाची तरी झाल्यासारखी वाटली. आत्या जवळ आली, ओल्या चुन्यावरून तिनं बोट फिरवलं.

सकाळी गलका ऐकून बाहेर आलो. अर्धं गाव दारात जमलं होतं. चुना वाळून त्या एका पट्ट्यात पापुद्रे धरून गळून पडला होता, आणि मधून रेघ वर आली होती. जुनी रेघ उन्हानं विटकी झाली होती. ही धुऊन निघाल्यासारखी लालभडक दिसत होती. तेलरंगावर चुना धरत नाही, एवढं मलाही समजतं, आणि मी ते मोठ्यानं सांगितलंही. पण बाकीच्या भिंतीवर चुना घट्ट बसला होता, आणि पडलेल्या पापुद्र्यांची पांढरी रांग भिंतीच्या बुडाशी अशी पडली होती, जशी पाणी ओसरल्यावर काठाला फेसाची रेघ राहते. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. एका बाईनं हात जोडले. हसणारं कोणी नव्हतं.

"सांगितलं व्हतं," मामा म्हणाले आणि आत जाऊन बसले. रेघेच्या खाली.

आतेभाऊ म्हणाला, "जाऊ दे, माय. न्हाई करत मी लगीन." तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला पत्रकातलं एकही वाक्य आठवेना.

आत्या गोठ्यात गेली आणि कुदळ घेऊन आली. "रेघ पुसत न्हाई ना?" ती मामांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मंग भित ठिवतच न्हाई."

"अगं, सरकार हाय ते!" आतून मामा.

"आसू द्या. मी बी हाय."

तिनं टेकूचे वासे लाथेनं पाडले आणि पहिला घाव बरोबर रेघेवर घातला. भिंत आधीच पोटातून सुटलेली. दुसऱ्या माणसाची गरजच नव्हती. आतेभाऊ आणि मी हात लावायच्या आत धाडकन खाली आली. धुरळा बसला तेव्हा घर पुढून उघडं पडलं होतं, आणि आत मामा, त्यांच्या डोक्यावर गेरूची रेघ, सगळ्या गावाला दिसत बसले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मग उठले, पागोटं झटकलं आणि म्हणाले, "दगडं बाजूला लावा. चांगली हायेत, वापरता येत्याल."

पुढचे दिवस आम्ही भिंत पुढे सरकवून खोली उभी करत होतो आणि गाव रस्त्याकडे पाहत होतं. भिंत छातीच्या उंचीला आली तेव्हा खरंच एक पांढरी जीप फुफाटा उडवत आली. गवंडी थापी टाकून पळाला. गल्लीतली दारं बंद झाली. आत्या मात्र भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. जीप थांबली. एक माणूस उतरला, घाम पुसत म्हणाला, "मावशी, वाट चुकलो. जरा प्यायला पानी मिळंल का?"

आत्यानं तांब्या दिला. तो घटाघट प्यायला आणि गेला. तो गेला तरी ती बराच वेळ तशीच उभी होती. दुसरं कोणी आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. इतकी वर्षं कोणी पाहतच नव्हतं.

लग्न झालं. अक्षयतृतीयेच्या आधी मुलीच्या बापानं येऊन चारी भिंती हातानं चाचपून पाहिल्या होत्या. मुलगी मात्र वरातीतच पहिल्यांदा गावात आली. तिनं रेघा पाहिल्या नव्हत्या, तिला कोणी काही सांगितलंही नव्हतं. वरात वरच्या वेशीत आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि तिला डोकं वर करून बघायचीही चोरी होती. मी मागंच चालत होतो. घोट्याची गल्ली, गुडघ्याची, कमरेची. लिंब आला.

नव्या नवरीनं हिरवा शालू वीतभर वर उचलला.

वाजंत्री वाजत होती, तरी आजूबाजूच्या बाया थबकल्या. आत्या पुढे चालत होती. तिनं वळून पाहिलं. आत्याचं लुगडं खाली, जमिनीला टेकलेलं होतं. ते मला तेव्हा दिसलं.

"खाली सोड, पोरी," आत्या म्हणाली. "पानी न्हाई हितं."

पोरीनं शालू सोडला. दोन पावलं चालली आणि पुन्हा थांबली. खाली मान घालूनच हळूच म्हणाली, "मंग आत्याबाई, पाय गार का पडून राह्यलेत?"

मी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. पत्रकात मी हे कधी लिहिलं नाही, लिहिणारही नाही, कारण विरोधक हसतील आणि त्यांचं हसणं बरोबर असेल.

आत्यानं तिचा हात धरला. "लई वर्साचं गार हाय ते," ती म्हणाली. "जल्दी जायाचं न्हाई. पाय आपटत चाल."

आणि ती स्वतः आपटत चालायला लागली. मग नवरी, तिची जोडवी वाजवत. मग मागच्या दोन-चार बाया. मामा काही वेळ लिंबापाशीच उभे राहिले, मग त्यांनीही एक पाऊल जोरात टाकलं. छातीच्या घरापर्यंत सगळी वाट धूळ उडत राहिली.