सोमवारी बोलू

"डेव्हिड नाही म्हणून राहिला."

असं म्हणायचं, खडू कानामागे खोचायचा आणि ओल्या फडक्यानं अख्खा फळा पुसून टाकायचा. ताईंना मी हे इतक्यांदा करताना पाहिलंय की त्यांच्या केसांत पिकलेलं किती आणि खडूचं किती, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

शहाऐंशी साली मी मँचेस्टरमधल्या एका फिजिक्स डिपार्टमेंटच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. माझे मिस्टर तिथल्याच हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. माझं काम म्हणजे संशोधकांचे पेपर टाइप करायचे, मध्येच टाइपरायटरचा अक्षरांचा गोळा बदलून ग्रीक अक्षरं उमटवायची. अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा मी फोनवर बहिणीशी बोलत होते, तर टाइपला कागद घेऊन आलेल्या एक संशोधक बाई दारातच थबकल्या. त्याच ह्या ताई.

"साताऱ्याची का तू?"

मी हो म्हटलं.

"मी नागपूरची. रोज बोलत जा माझ्याशी. इथं मराठी बोलावं तर भिंतीशी."

भिंतीशी बोलण्याची त्यांना सवय होती, हे मला लवकरच कळलं. त्यांच्या खोलीवरून जाताना आतून वाद ऐकू यायचा. आवाज एकट्या ताईंचा, पण समोरचा काही बोलत असल्यासारखा मध्ये मध्ये थांबणारा. डेव्हिड म्हणून कुणी सहकारी आत बसतात, असं मी धरून चालले. एका दुपारी चहाचे दोन कप घेऊन गेले. खोलीत ताईच होत्या. डेव्हिड कुठे गेले, असं मी विचारलं. त्यांनी दुसऱ्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "ठेव." थोड्या वेळानं कप न्यायला गेले, तर दोन्ही रिकामे होते.

खाली आल्यावर दारावरच्या आमच्या म्हाताऱ्या पोर्टरला विचारलं. त्यानं टोपी काढली. डेव्हिड लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात पाय घसरून गेला, मी नोकरीला लागायच्या दोनेक वर्षं आधी.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गेलेल्या नवऱ्याचं ताट वाढणारी, मुलाची खोली तशीच ठेवणारी. पण ताईंचं तसं नव्हतं. डेव्हिड त्यांचा कुणी नव्हता. त्याला बायको होती, लहान मुलगी होती. तो ताईंच्या गणितातला जोडीदार होता आणि जाताना त्यांच्याशी बोलायचं अर्धवट ठेवून गेला होता.

ते गणित काय होतं, हे त्यांनी मला कँटीनमध्ये सांगितलं होतं. "समज, एका हॉलमध्ये सगळी माणसं जोडीजोडीनं आली. मग जोडीजोडीनं निघूनही गेली. हॉल झाडायला माणूस आला, तर कोपऱ्यात एक जण उभा. हा कोणासोबत आला होता? एवढाच आमचा प्रश्न आहे बघ." विश्व जन्मलं तेव्हा मॅटर आणि त्याचं उलटं अँटीमॅटर, दोन्ही जवळजवळ सारखंच होतं. दोन्ही एकमेकांना भेटून मिटून गेली आणि तरी चिमूटभर मॅटर उरलं. त्याचेच तारे झाले, डोंगर झाले, आपण झालो. ते का उरलं, याचं एक उत्तर ताईंनी आणि डेव्हिडनं मिळून काढलं होतं. पेपर लिहून तयार होता.

त्याच सुमारास डिपार्टमेंटमध्ये लेक्चररची एक कायमची जागा निघाली होती. दोघंही तात्पुरत्या नेमणुकीवर, दोघांचेही इंटरव्ह्यू झालेले. एका शुक्रवारी दुपारी डेव्हिड पाठीला सॅक अडकवून ताईंच्या दारात आला. आत न येता म्हणाला, "इट्स नॉट राइट, यू नो. सोमवारी बोलू." आणि गेला. शनिवारी तो डोंगरावर गेला. सोमवारी ताई खोलीत वाट पाहत असताना डिपार्टमेंटच्या हेडनं येऊन बातमी सांगितली.

पुढे ती जागा ताईंना मिळाली. पेपर त्यांनी पाठवला नाही.

डेव्हिडनं चूक काढली होती, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. चूक हुडकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं त्या म्हणायच्या. त्याला दिसलेली चूक आपल्याला दिसल्याशिवाय पेपर बाहेर काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. एकेक पायरी नव्यानं मांडायच्या, स्वतःच डेव्हिड होऊन शंका काढायच्या, उत्तर पुन्हा तेच यायचं. मग ते वाक्य, मग ओलं फडकं.

काही वर्षांनी अमेरिकेतल्या दोघांचा पेपर आला. तीच वाट, तेच उत्तर. आमच्याकडे सगळे त्याबद्दल बोलायला लागले. ताईंनी तो कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच वाचला. मी म्हटलं, बघा, म्हणजे तुमचं बरोबरच होतं. त्या मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "नाही गं. ह्यांचंही तिथंच चुकलं असेल." आणि त्या दिवसापासून त्या त्यांच्या पेपरातली चूक शोधू लागल्या. त्या दोघांपैकी एक जण आमच्याकडे व्याख्यानाला आला, तेव्हा ताई उठून म्हणाल्या की माझ्या सहकाऱ्याला हे मान्य नाही. पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, कुठे आहेत ते, भेटायला आवडेल. सगळा हॉल बुटांकडे बघत बसला.

हळूहळू विद्यार्थी त्यांच्याकडे यायचे थांबले. बरोबरीचे प्रोफेसर झाले, त्या लेक्चररच राहिल्या. आंबेडकर जयंतीला मात्र त्या पांढरी साडी नेसून ट्रेननं बर्मिंगहॅमजवळच्या विहारात जायच्या आणि माझ्यासाठी तिथला लाडू आणायच्या. दोनेकदा मीही गेले. तिथे पोरांचे इंग्लिश-मराठी खिचडीतले प्रश्न ऐकून त्या मोकळ्या हसायच्या. एका मुलीनं विचारलं, "आंटी, बिग बँगच्या आधी काय होता?" ताई म्हणाल्या, "होता नाही, होतं. आधी ते शीक, मग बिग बँग."

मग अठ्ठ्याण्णव साली, प्रवेश घेऊ पाहणारी मुलं विद्यापीठ बघायला येतात त्या ओपन डेला, एक बाई आमच्या ऑफिसात आल्या. सोबत सतरा-अठरा वर्षांची, उंच, केस कापलेली मुलगी. मुलीला फिजिक्स घ्यायचं होतं. बाईंनी अडखळत विचारलं, हिचे वडील इथे होते, त्यांची खोली बघता येईल का? ती हेलन होती, डेव्हिडची बायको. डेव्हिड गेल्यावर ती मुलीला घेऊन स्कॉटलंडला आईकडे राहायला गेली होती आणि इकडे कधीच फिरकली नव्हती.

मी ताईंना बोलावलं. मुलीला एका विद्यार्थ्याबरोबर लॅब बघायला पाठवलं. माझ्या टेबलाशीच त्या दोघी बसल्या. मी उठायला लागले, तर ताईंनी माझा हात धरून ठेवला.

ताईंनी एकच विचारलं. शेवटच्या दिवशी तो गणिताबद्दल काय म्हणाला?

हेलनला प्रश्न समजेना. गणितावर तर तो खूश होता, ती म्हणाली. गाडीत सगळा रस्ता गात होता. बोलला तो त्या जागेबद्दल. हेडनं शुक्रवारी त्याला खाजगीत सांगितलं होतं की जागा तुला दिली आहे, जाहीर नंतर करू. त्याला ते पटलं नव्हतं. ती जागा तुमची आहे, तुम्ही त्याच्यापेक्षा सरस आहात आणि ते सगळ्यांना माहीत आहे, असं तो म्हणत होता. सोमवारी आधी तुमच्याशी बोलून, मग हेडकडे जाऊन तो नाही म्हणणार होता. हेलन म्हणाली, "मी चिडले. घरात लहान मूल होतं. आमचं भांडण झालं. म्हणून तो एकटाच डोंगरावर गेला."

हे तिनं त्याआधी कुणालाच सांगितलं नसावं. ताईंनी माझा हात सोडला आणि तिचा धरला.

मुलगी परत आली, तेव्हा ताईंनीच तिला वडिलांची खोली दाखवली. तो कसा हसायचा, खिडकीत काय ठेवायचा, कुणाची नक्कल करायचा, सगळं तिला सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्या दोघी गेल्यावर ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचे वडील नागपुरात अजनीच्या रेल्वे लोकोशेडमध्ये फिटर होते, बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेले. त्यांचाच विषय त्यांनी काढला.

"आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ हक्काचंच बोलणं. 'नॉट राइट' म्हणजे अन्याय, हे मला शाळेत जायच्या आधीपासून कळे. आणि नेमकं मलाच ते ऐकू आलं नाही." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्याच्याशी भांडून राहिली. आणि तो माझ्या बाजूनं बोलत होता."

मला वाटलं, आता ह्या सुटल्या. पण झालं वेगळंच. त्यांची खोली एकदम शांत झाली. कॉरिडॉरमधून जाताना आतून काहीच ऐकू येईना. फळा कोरा. जुना पेपर आतातरी पाठवा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, आता तो सगळ्यांना माहीत आहे, कुणासाठी पाठवू? एकदा चहा घेता घेता त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "आता तो काहीच बोलत नाही." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी मला विचारलं, गाडीनं त्या डोंगराशी नेशील का? इतक्या वर्षांत त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. आम्ही सकाळी निघालो. पायथ्याशी गाडी लावली. मेंढ्यांची पिल्लं, दगडी कुंपणं, वर ढग. माझा गुडघा दुखत होता, मी खालीच थांबले. ताई रेनकोटची बटणं लावून निघाल्या. पायवाटेनं चढत गेल्या, बोटाएवढ्या झाल्या, आणि एका वळणावर थांबल्या. त्यांचा हात हलताना दिसला. म्हणजे त्या बोलत होत्या. मग हात खाली आला. त्या तशाच उभ्या राहिल्या, पुष्कळ वेळ.

खाली आल्या तेव्हा त्यांचे गाल गारठून लाल झाले होते. मी थर्मासमधला चहा ओतून दिला. विचारू नये ते माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"काय म्हणाला?"

त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "नुसता वारा होता."

त्या सप्टेंबरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि नागपूरला निघून गेल्या. त्या दिवशी डोंगराकडून परतताना मात्र त्या गाडीच्या सीटवर अर्ध्या वळून मागच्या काचेतून बघत होत्या. डोंगर दिसेनासा झाला, मोटरवे लागला, दिवे लागले, तरी बघतच होत्या.