'दुसरी पाळी'ची तुटलेली तार

सातपूरला जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या बुद्धभूषणच्या दुकानात एक दिवस कॉलेजातली एक मुलगी शिरली. नाव निकिता. गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत तिचा बँड वाजवायचा.

"काका, 'दुसरी पाळी'मधली गिटार तुमचीच ना?"

बुद्धभूषणनं तांब्याच्या तारेचं रीळ खाली ठेवलं. त्या गाण्याचं नाव त्याच्यापाशी कुणी काढल्याला वर्षं लोटली होती.

"होती खरी," तो म्हणाला.

"मग रविवारी या ना. आम्ही वाजवणार आहोत."

ते गाणं नव्वदच्या दशकातलं. बुद्धभूषणचे वडील रावजी कारखान्यात कायम दुसऱ्या पाळीला. मुलं शाळेतून यायच्या आत ते निघालेले असायचे, ते परतायच्या आत मुलं झोपलेली. बाप दिसायचा तो सुट्टीच्या दिवशी. कॉलेजात असताना बोलता बोलता बुद्धभूषणनं हे तेजस्विनीला सांगितलं. ती गंगापूर रोडच्या डॉक्टरांची मुलगी, गळा सुरेख. दुसऱ्या दिवशी ती गाणं लिहूनच आली. पहिली ओळ होती, 'घर निजल्यावर मी घरी येतो.' वस्तीतल्या जयंतीला भीमगीतांची साथ करता करता गिटार शिकलेल्या बुद्धभूषणनं त्या ओळीला विजेसारखी चाल लावली. वर्गातला रविराज ड्रमवर बसला. गॅदरिंगमध्ये पोरांनी बाकं बडवून बडवून ते पुन्हा वाजवायला लावलं.

मग एका ओळखीच्या स्टुडिओत कॅसेट करायचं ठरलं. स्टुडिओवाल्यानं आधीच बजावलं होतं, "एकदाच घेणार. चुकलं तर चुकलं." सोलोमध्ये बुद्धभूषण चढत चढत अगदी वरच्या सुरापर्यंत पोचला, तो सूर ओढायला गेला आणि फाटकन तार तुटली. त्याची बोटं थांबली. रविराजनं मात्र ताल सोडला नाही. आणि तेजस्विनीनं बुद्धभूषणकडे बघत, जिथं गिटार थांबली तिथून ती धून नुसती गुणगुणत पुढं नेली. झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून बापानं हात फिरवावा, तशी.

होस्टेलांमधून त्या कॅसेटच्या कॉप्या निघाल्या, कॉप्यांच्या कॉप्या निघाल्या. गिटार अचानक गप्प होते आणि बाईचा आवाज येतो, त्या जागेवर लोक जीव टाकायचे. तार तुटल्याचं कुणाला माहीतच नव्हतं.

पुढच्याच वर्षी तेजस्विनी गाण्यासाठी मुंबईला निघाली. "चल ना बुध्या," ती म्हणाली, "इथं राहून काय करणार?" पण त्याच सुमाराला कारखाना बंद पडून रावजी घरी बसले होते आणि बहिणींची शिक्षणं व्हायची होती.

"तू हो पुढं. मी येतोच," तो म्हणाला.

त्याचं जाणं झालं नाही. ती मुंबईहून मेलबर्नला गेली, तिथंच तिनं लग्न केलं. त्याचाही सविताशी संसार झाला, चांगला झाला. तरी गंगापूर रोडनं जाताना डॉक्टरांच्या जुन्या बंगल्याशी त्याची स्कूटर हळू व्हायची. तिथं आता मोठी इमारत उभी होती. तरी व्हायची.

रविवारी दुपारी तो कॅफेत मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. निकितानं सोलो वाजवला. वरच्या सुराशी आली आणि तिनं बोटं उचलली. गाणारी मुलगी गुणगुणू लागली. बुद्धभूषणला वर बघवेना.

गाणं संपल्यावर निकिता त्याच्याजवळ आली. "काका, तिथं थांबायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं नाही गं. तार तुटली."

पोरं हसली. निकितानं आपली गिटार त्याच्यापुढं धरली. "मग पुढं काय होतं? वाजवा ना."

पुढचं त्यानं कॅसेटनंतर कधी वाजवलंच नव्हतं. बोटं जड झालेली, तरी ती वाट विसरली नव्हती. वरचा सूर लागला, धून वळली, खाली उतरली, संपली. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्याला मात्र धून संपेपर्यंत एकच गोष्ट ऐकू येत होती, त्यात नसलेला तेजस्विनीचा आवाज.

"तुम्ही वाजवता तेच ठेवा," गिटार परत देत तो म्हणाला. "तेच गाणं आहे."

निघताना निकितानं विचारलं, "गाण्याच्या परवानगीसाठी शोधलेला तेजस्विनी मॅडमचा नंबर आहे माझ्याकडे. देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यानं फोन लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. थोडा जाड झालेला, पण तोच.

"बुद्धभूषण. सातपूरहून."

मग ती म्हणाली, "बुध्या?"

त्याला खूप बोलायचं होतं. ती रावजींबद्दल विचारत राहिली, ते गेल्याचं त्यानं सांगितलं. ती आपल्या गुडघ्यांबद्दल बोलली, लेकीबद्दल बोलली.

"आणि गाणं?" त्यानं विचारलं.

"कधीच सुटलं रे. द्राक्षं आली का तिकडं?"

"आली. गोड आहेत यंदा. ये ना एकदा."

"येतेच," ती म्हणाली.

फोन ठेवून तो शटरच्या पायरीवर बसून राहिला. 'येतोच' कसं म्हणतात, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?