नारायणगावमार्गे इटालियन बाटली

चाकणहून मामांच्या मळ्याकडे निघालो तेव्हा बाटली माझ्या मांडीवर होती, आणि ती उभीच न्यायची होती. आमच्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या इटालियन इंजिनिअरनं परत जाताना ती मला दिली. त्याच्या वडिलांच्या तळघरातली, माझ्याहून वयानं मोठी लाल वाइन. "हलवू नकोस, तळाचा गाळ वर येऊन चव जाते," हे त्यानं तीनदा बजावलं होतं. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, वाचून, व्हिडिओ बघून पक्का तयार झालो होतो.

नारायणगावला शेअर जीपमध्ये बसलो. शेजारच्या आजींनी टॉवेलात गुंडाळलेली बाटली बघितली.

"पावणं, तूप हाय का?"

"वाइन आहे, आजी."

"अगं बया! माणूस पिल्यावर लोकं त्याला धरत्यात, तुमी बाटलीलाच धरलंय."

अख्खी जीप हसली. मीही हसलो, पण हात सोडले नाहीत.

लेण्याद्रीच्या अलीकडे मामांचा मळा आहे. तिथं एक एकर वाइनची द्राक्षं: बारीक काळे मणी, जाड साल, खायला कुचकामी. मामी म्हणते, उपटा आणि टोमॅटो लावा. मामांनी जन्मात वाइन चाखलेली नाही. या द्राक्षाचं शेवटी काय होतं ते एकदा चाखतो, मग ठरवू, असं म्हणून त्यांनी बाग आजपर्यंत वाचवली होती.

मी हातपाय धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर मामा बाटली दोन्ही हातांनी वरखाली घुसळत होते!

"मामा! काय करताय?"

"खाली समदं औषध बसलंय, भाचेबुवा. न हलवता फवारलं तर वरचं नुसतं पाणी."

बूच निम्मं मोडून आत पडलं. चहाच्या गाळणीत फडकं टाकून वाइन पातेल्यात गाळली. रंग विटेसारखा. मामांनी स्टीलच्या पेल्यातून घोट घेतला आणि तोंड असं केलं, की मामीनं रोपवाल्याला लावायला फोनच उचलला.

"कडू हाय," मामा कसेबसे म्हणाले.

मीही चाखली. कडूच, दातांत गाळ.

"जेवण होईस्तोवर थांब, मामी," मी विनवलं. पातेलं झाकून गाळ बसायला ठेवलं. मासवडी (बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण, मासा नावापुरता), झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. मामांचं जेवणात लक्ष नव्हतं.

तासाभरानं वरची निवळ हळूच ओतली. मनुका, ओली माती, जुनी लाकडी पेटी असा काहीसा वास आला. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले. मामीनं पेला ओढून घेतला.

"पीत न्हाई मी. नुसता वास बघती."

मग बोटावर एक थेंब. मग दुसरा. मी रस्त्यावरची जीप दिसते का बघायला वळलो, तेवढ्यात पेला रिकामा झाला.

"एवढी जुनी, तरी द्राक्षाचा वास गेला न्हाई," मामी पदरानं ओठ टिपत म्हणाली. "ऱ्हाऊ द्या बाग. पण बांधाकडच्या वेलींच्या दोन वळी माझ्या. टोमॅटोला."

मामांनी मान खाली घालून होकार दिला. मोठं दुःख झाल्यासारखं. मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्यावर मात्र माझ्या कानाशी लागले.

"त्या दोन वळीत मणी कवाच भरत न्हाईत. लई दिवस मीच काढणार व्हतो. मामीला बोलू नगं."

परतताना खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव सरकत होते. महिनाभर मी वाइनवर वाचत होतो. नवरा-बायकोवर एखादं पान वाचलं असतं, तर बागेसाठी इतका घाबरलो नसतो.