ज्वारीच्या डेऱ्यात

आज सकाळी माझी लेक नीला पूजेला बसली. विभूतीचा तो कोरडा वास नाकात शिरला आणि मला भालकीकडचं आमचं जुनं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. नीला तीन वर्षांची, पण प्रश्न असे विचारायची की सासूबाईसुद्धा हात टेकायच्या.

आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत. त्या सकाळी मी लिंग सोडून तळहातावर घेतलं, पूजेला बसले आणि चुलीवर दूध उतू चाललं. हातातलं लिंग पाटावर ठेवून मी धावले. परत येऊन बघते तर पाट रिकामा.

राख उकरली, सरपण उपसलं, अंथरुणं झटकली. ऊन चढत होतं, घशाला कोरड पडलेली, शेतात काढणी खोळंबलेली. नीला मात्र उंबऱ्यावर बसून भाकरी चघळत माझी धावपळ बघत होती.

"तू घेतलंस व्हय गं?"

"व्हय."

"कामून?"

"तू जेवलीस की शेताला जातीस, अव्वा. आज जेवूच नको."

उगारलेला हात तसाच राहिला. मारावं की मुके घ्यावेत, कळेना. तिनंच ज्वारीच्या डेऱ्याकडे बोट केलं. मी लिंग काढलं, पूजा केली, घाईनं चार घास खाल्ले आणि तिला रडत सोडून शेताला गेले.

आता नीलाची पूजा झालीय. पुण्याची गाडी गाठायची म्हणून ती घरभर चष्मा शोधायलीय.

"अव्वा, बघितलीस का गं कुठं?"

"न्हाई बाई."

चष्मा ज्वारीच्या डब्यात आहे, आणि डब्याला पाठ लावून मी बसलेय.