शेवट चढवायचा नाही

फोन कुडाळच्या इस्पितळातून आला तेव्हा मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. "आत्ये, बाबा गेले गो..." पलीकडे पुतण्या रडत होता आणि मला आधी रागच आला. आदल्याच दिवशी दादाशी खाऱ्या बांगड्यावरून भांडले होते मी! डॉक्टरांनी बंद केलेला बांगडा चोरून खायचा, आणि भांडण अर्धं टाकून निघून जायचं... असं कुठे असतं का?

सुहासदादा कित्येक वर्षं प्रवासी बोटीवर पियानो वाजवायचा. लोक जेवायचे, हा वाजवायचा. मालवणला कायमचा परतला तो युरोपातल्या कुणा जुन्या संगीतकाराची एक पियानोची रचना डोक्यात घेऊन. ती त्याला आमच्या भजनी मंडळात वाजवायची होती. सगळ्यांनी वेड्यात काढलं. आमच्या मंडळाचे बुवा म्हणाले, "ह्या भजनात खंय बसतला रे?"

अडचण होतीच. पियानोला दोन हात लागतात आणि पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला. दादा म्हणाला, "माझो दुसरो हात तुमी." मूळ रचनेत डावा हात खालचा एक जाड स्वर देतो आणि मागोमाग दोन हलके ठोके, अशी तीन-तीनची संथ चाल. तो जाड स्वर त्याने पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूला दिला. हलके ठोके झांजांना, त्याही तळहातात दाबून धरलेल्या. एकदम वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ त्याने काढून टाकले, पेटीवर ठेवली नुसती सुरावट. गेलं तसं काही आलंही. पियानोचा स्वर वाजल्याबरोबर विरायला लागतो. पेटीचा स्वर भात्याने फुगवता येतो. मुळात जिथे उसासा आहे तिथे दादाची पेटी हाक मारायची. कुणाला ही मोडतोड वाटत असेल तर त्यांनी खुशाल कानात बोळे घालावेत.

खरा तंटा शेवटाचा होता. भजनात शेवटी लय चढवायची, झांजा खणखणवायच्या, गजर करायचा, ही आमची रीत. मूळ रचना मात्र शेवटाकडे मंदावत जाते. देवळात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मंडळींचे हात सवयीने पळाले. लोक खूश, दादा तोंड पाडून घरी. "मी सगळा बदललंय गो," मला म्हणाला, "पण ह्यो शेवट नाय. तो धावलो तर मगे काय उरला?" तो संथ शेवट त्याला मंडळाकडून कधीच मिळाला नाही. दर वेळी कुणाचा तरी हात सुटायचाच.

महिन्याभराने देवळात त्याच्यासाठी भजन ठेवलं. पेटीवर मी. दादानेच शिकवलेली. बुवा हळूच म्हणाले, "बाये, ता दादाचा इंग्रजी नको गो आज. लोक इलेत, गजर व्हयो तेंका."

"गजर तेनी रोज आयकाचो," मी म्हटलं. "आज माझ्या भावाचा वाजतला."

वाजवलं. शेवट जवळ आला आणि झांजा सुटल्याच. मी भाता बंद केला. अख्खं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. बघू दे! बुवांना सांगितलं, "परत. पयल्यापासून." पखवाजवाल्याने मान खाली घातली. मला रडू येत होतं आणि तरीही मी हटणार नव्हते.

या खेपेला लय उतरत गेली. पखवाज थांबला, झांजा थांबल्या. उरला पेटीचा एकच स्वर. मी भात्यावरचा हात काढला, आत उरलेल्या हवेवर तो बारीक होत चालला... मागून कुणीतरी गजर सुरू केला.

बुवा झांजा मुठीत आवळून गर्रकन वळले.

"गप रवा रे! वारो अजून सरूक नाय."